तीन ओबोलची लोकशाही: अथेन्समध्ये सभेला जाणाऱ्याच्या घरची चूल

गोदाकाठ:

अथेन्सच्या लोकशाहीबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं, त्यात गाडी बहुतेक वेळा पेरिक्लीस या पुढाऱ्याच्या भाषणापासून सुटते आणि सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्यापाशी थांबते. मला मधल्या स्टेशनांवरची माणसं बघायची आहेत. दिवसभर सभेत किंवा कोर्टात बसलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल कशावर पेटायची? एवढ्यासाठीच हा धागा. (सालं सगळी इ.स.पू. धरा, दर वेळी लिहीत बसत नाही.)

४२२ साली नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसचं एक प्रहसन रंगमंचावर आलं. त्यात काही म्हातारे पहाटेच्या अंधारात कोर्टाकडे निघालेत. ज्युरीचे पंच आहेत सगळे. एकाच्या सोबत दिवा धरायला त्याचा पोरगा आहे. बाप विचारतो, काय घेऊन देऊ तुला? हाडांचे फासे देऊ? पोरगा म्हणतो, फासे नकोत, सुके अंजीर द्या, ते गोड लागतात. झालं, म्हातारा उखडतो. या चिमूटभर मिळकतीत तिघांचं पीठ, सरपण आणि कोरड्यास भागवायचं, आणि तू अंजीर मागतोस! मग पोरगा खरा प्रश्न विचारतो: बाबा, आज कोर्ट बसलंच नाही तर आपण खायचं काय? बापाकडे उत्तर नाही.

ती चिमूटभर मिळकत म्हणजे ३ ओबोल, चांदीची बारीक नाणी. ६ ओबोलचा एक ड्राख्मा आणि त्या काळात कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्राख्मा. म्हणजे पंचाला अर्धा रोज मिळायचा. पेरिक्लीसने हा भत्ता सुरू केला, तेव्हा २ ओबोल होते. क्लेऑन या पुढाऱ्याने ४२५ च्या सुमारास ३ केले. क्लेऑनचा कातड्याचा धंदा, त्यामुळे खानदानी मंडळी त्याच्या नावाने नाकं मुरडायची. आपल्याला त्याची माहिती मिळते तीही बहुतेक त्याच मंडळींकडून, हे लक्षात ठेवून वाचावं.

आता यंत्रणा थोडक्यात. क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने ५०८-५०७ मध्ये अथेन्सच्या भोवतालच्या मुलखाची, म्हणजे अ‍ॅटिकाची फेरमांडणी केली. १३९ डीम, म्हणजे गावं आणि वस्त्या, आणि त्यांचे १० गट. गट करताना प्रत्येकात शहराचा, किनाऱ्याचा आणि आतल्या भागाचा तुकडा घातला, म्हणजे जुन्या घराण्यांचे इलाखे आपोआप मोडले. प्रत्येक गटातून ५० असे ५०० जण सोडतीने वर्षभरासाठी मंडळावर. तीस वर्षं पूर्ण हवीत आणि जन्मात दोनदाच बसता येणार. वर्षाचा एकदशांश काळ एकेका गटाचे ५० जण कामकाज बघायचे आणि त्यातला एक जण रोज चिठ्ठीने अध्यक्ष व्हायचा. एक रात्र, एक दिवस. त्या काळात राज्याचा शिक्का आणि देवळांतल्या खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. पुन्हा आयुष्यात कधी नाही.

चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक होते साधारण ३०,०००. दर साल ५०० आणि दोनदाच संधी, हा हिशोब मांडून बघा. गल्लीतला कुंभार, चांभार, मासे विकणारा, कुणीतरी ओळखीचा माणूस एका दिवसापुरता का होईना, अथेन्सचा अध्यक्ष झालेला असणारच.

मुख्य सभा प्निक्स टेकडीवर, चौथ्या शतकात वर्षाला ४० बैठका. काही ठरावांना ६,००० ची उपस्थिती लागायची. त्याशिवाय ६,००० पंचांची वार्षिक यादी, त्यातून रोज २०१, ४०१, ५०१ असे खटल्यागणिक निवडायचे. हे सगळं दिवसाउजेडी, कामाच्या वेळेत. अ‍ॅटिका सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा. मॅरेथॉनच्या शेतकऱ्याला प्निक्सवर पहाटे पोचायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागणार. बैल कोण बघणार, आणि रोज बुडाला त्याचं काय?

माझं म्हणणं असं की सोडत आणि भत्ता या दोन गोष्टी बाजूला काढल्या तर अथेन्सची लोकशाही म्हणजे सवड असलेल्या लोकांचा क्लब उरतो. सगळे समान ही घोषणा बाकीच्या नगरांतही कुणी ना कुणी देत होतंच. बुडालेला रोज भरून द्यायचं मनावर घेतलं ते अथेन्सने. तो पैसा आला कुठून, ही पुढची आणि अवघड गोष्ट. त्यावर बोलू.


ताकभात:

मस्त सुरुवात. अंजिराचा पोरगा आवडला.

शंका अशी: चिठ्ठ्या टाकून कारभार? आपल्याकडे महापौरपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं, दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी काढतात, इथवर समजू शकतो. पण खजिन्याच्या किल्ल्या कुणाही सोम्यागोम्याकडे? एखादा अट्टल चोर निघाला तर?


गोदाकाठ:

@ताकभात, चोर निघू शकतो हे गृहीत धरूनच सगळं रचलेलं आहे. एक म्हणजे, नुसती चिठ्ठी निघून भागत नसे, पदावर बसण्याआधी तपासणी व्हायची. आर्कोन म्हणजे मुख्य अधिकाऱ्यांना विचारायचे प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहेत: बाप कोण, कुठल्या डीमचा, आई कोणाची मुलगी, घरच्या देवांची ठाणी कुठे, पूर्वजांची थडगी कुठे, आईबापांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, कुठल्या मोहिमांवर गेला होतास. हुशारीची परीक्षा एकही नाही, बघा.

दुसरं, बहुतेक कामं दहा-दहा जणांच्या मंडळांकडे. एकट्याच्या हाती फार काही लागत नसे. तिसरं, वर्ष संपलं की हिशोब तपासणी, आणि तो चुकता झाल्याशिवाय सुटका नाही.

आणि जिथे खरंच कसब लागतं तिथे चिठ्ठी नाही. दहा सेनापती निवडून द्यायचे, ते कितीही वेळा उभे राहू शकत. पेरिक्लीस ४४३ पासून ओळीने १५ वर्षं सेनापती होता. त्याची सगळी सत्ता त्या पदावर आणि जिभेवर.


आडवाट:

अथेन्सच्या अगोरा (जुना बाजारचौक) म्युझियममध्ये ते सोडतीचं यंत्र बघितलंय. पूर्ण नाही, तुकडा आहे, पण रचना कळते. संगमरवरी शिळा, तिच्यात आडव्या ओळींनी बारीक खाचा. प्रत्येक पंचाची नाव कोरलेली एक पट्टी असायची, ती खाचेत खोचायची. बाजूला एक नळी, वरून काळ्या-पांढऱ्या गोळ्या मिसळून टाकायच्या आणि खाली एकेक सोडायची. पांढरी पडली की ती अख्खी आडवी ओळ आज कोर्टात, काळी पडली की घरी. नळीत गोळ्या पडल्यावर कुणाच्या बापाला काही फिरवता येणार नाही.

मला जास्त भावल्या त्या पट्ट्या. काशाच्या, बोटभर रुंदीच्या. काही पट्ट्यांवर जुनं नाव ठोकून सपाट केलंय आणि त्यावर दुसऱ्याचं नाव घातलंय. बऱ्याचशा सापडल्या त्या थडग्यांमध्ये. ज्याची पट्टी त्याच्याबरोबर पुरली.

मत देण्याची पद्धतही तशीच बेरकी. प्रत्येक पंचाला काशाच्या दोन चकत्या. मधला दांडा एकीचा पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ फिर्यादीची, भरीव आरोपीची. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दांड्याची टोकं झाकून न्यायची, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही कुठली खऱ्या मडक्यात टाकली आणि कुठली टाकाऊ मडक्यात. मत पडलं की हातात टोकन, टोकन दाखवलं की ३ ओबोल. आधी काम, मग दाम.


तिसरी घंटा:

दामावरून आठवलं. ओबोल इतका बारीक की लोक बाजारात तोंडात धरून फिरत. खिसे नव्हतेच. त्याच प्रहसनात एक पंच तक्रार करतो: मला आणि दुसऱ्या एकाला मिळून एक ड्राख्मा दिला, तो मासळीबाजारात मोडून आणतो म्हणाला आणि माझ्या हातावर माशाचे तीन खवले ठेवले. मी ओबोल समजून तोंडात टाकले, वास आल्यावर थुंकले!

नाटकवाला माणूस म्हणून सांगतो, हा विनोद थिएटरमधल्या हजारो लोकांना क्षणात कळला असणार, कारण प्रत्येकाने तोंडात नाणी धरलेली आहेत.


कोकमसरबत:

सगळं गोड चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकते.

हा तीन ओबोलचा भत्ता कोणाच्या जिवावर? लॉरियनच्या चांदीच्या खाणी अथेन्सच्याच हद्दीत. ४८३ च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला. पैसा नागरिकांत माणशी १० ड्राख्मा वाटून टाकू असं चाललं होतं, थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने तो जहाजांकडे वळवला. इतिहासकार हिरोडोटस २०० जहाजं म्हणतो. इराण्यांविरुद्धची सॅलामिसची आरमारी लढाई त्यावर जिंकली, साम्राज्य त्यावर उभं राहिलं. ही गोष्ट सगळे सांगतात. खाणीत कोण उतरत होतं ते सांगत नाहीत.

झेनोफोन या लेखकाने नोंदवलंय की निकियसकडे, म्हणजे सिसिलीत फौज घेऊन गेलेला तोच सेनापती, खाणीत लावलेले १,००० गुलाम होते. ते त्याने सोसियस नावाच्या एका थ्रेसच्या माणसाला भाड्याने दिले होते. भाडं माणशी रोज १ ओबोल, निव्वळ. आणि अट अशी की संख्या १,००० च राहिली पाहिजे. यातली दुसरी अट पुन्हा वाचा. मेलेल्याच्या जागी नवा आणून उभा करणं ही भाडेकरूची जबाबदारी.

हिशोब करा, रोजचे १,००० ओबोल. वर्षाला साधारण ६०,००० ड्राख्मा, म्हणजे १० टॅलेंट चांदी, अडीच क्विंटलच्या वर. निकियसला त्यासाठी खाणीचं तोंडही बघावं लागत नसे.

४१३ मध्ये शत्रू स्पार्टाने अ‍ॅटिकातल्या डेकेलियाला तळ ठोकला, त्यानंतर २०,००० हून जास्त गुलाम पळाले, असं इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो, आणि त्यात बरेचसे कारागीर होते म्हणतो. संधी मिळताच २०,००० माणसं ज्या राज्यातून पळतात, त्या राज्याच्या लोकशाहीची आरती किती ओवाळायची ते तुम्ही ठरवा.


गोदाकाठ:

@कोकमसरबत, खाणींबद्दल तुमच्याशी वाद नाही. निकियसची ती अट त्या काळातल्या सगळ्यात थंड वाक्यांपैकी एक आहे.

पण ‘गुलामांनी काम केलं, नागरिकांनी सभा भरवल्या’ हे चित्र मला अर्धंच वाटतं. एरेक्थियॉन देवळाच्या बांधकामाचे ४०९ ते ४०७ चे हिशोब दगडावर कोरलेले आहेत. ज्यांचा दर्जा कळतो असे ८६ कारागीर: २४ नागरिक, ४२ मेटिक म्हणजे बाहेरून येऊन राहिलेले, आणि २० गुलाम. खांबांवर पन्हळी पाडायला एकाच टोळीत मालक, त्याचे गुलाम आणि शेजारी. मजुरी सगळ्यांना सारखीच, रोज एक ड्राख्मा. गुलामाचा ड्राख्मा त्याच्या मालकाच्या खिशात गेला असणार, ते वेगळं. पण नागरिक छिन्नी घेऊन उन्हात बसलाय, हे दगडावर लिहिलेलं आहे. सभेत हात वर करणारा आणि छिन्नी मारणारा पुष्कळदा एकच होता, म्हणून तर भत्त्याची गरज.

साम्राज्याच्या पैशाबद्दल. मित्रनगरांची खंडणी ४३१ च्या सुमारास वर्षाला ६०० टॅलेंटच्या घरात होती, पेरिक्लीसच्याच तोंडी थ्युसिडिडीसने हा आकडा घातलाय. तिच्यातून बरंच काही झालं, नाकारत नाही. पण ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाबरोबरच्या युद्धात हरलं, जहाजं गेली, खंडणी गेली. आणि त्यानंतर, ३९० च्या दशकात, सभेला येण्याचा भत्ता पहिल्यांदा सुरू झाला! आधी १ ओबोल, मग २, मग ३. ३२० च्या दशकात साध्या बैठकीला १ ड्राख्मा आणि मुख्य बैठकीला दीड. म्हणजे ऐन भरभराटीत पंचाला मिळत होतं पण सभेला येणाऱ्याला फुकट यावं लागे, आणि खिसा फाटल्यावर सभेलाही पैसे मिळू लागले. खंडणी गेली तरी लोकशाही आणखी ८० वर्षं तग धरून राहिली, हे नुसत्या साम्राज्याने समजावता येत नाही.


कोकमसरबत:

साम्राज्याचा मुद्दा घेतला. चांदीचा सोडत नाही. चौथ्या शतकात खाणी पुन्हा चालू झाल्याच की, आणि आत उतरणारे तेच.


गोदाकाठ:

ते खरंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.


कुलूपकिल्ली:

अकाउंट्सवाला असल्यामुळे माझा जीव नाण्यांत. अथेन्सचं घुबडछाप चार ड्राख्माचं नाणं, १७ ग्रॅमच्या थोडं वर, जवळपास शुद्ध चांदी. भूमध्य समुद्राच्या भोवती कुठेही चालायचं. म्हणूनच नकली पण भरपूर.

३७५-३७४ चा निकोफोनचा कायदा कोरलेली शिळा १९७० मध्ये अगोराच्या उत्खननात सापडली. तिच्यातला मजकूर असा: बाजारात सराफांच्या मेजांमध्ये सरकारी पारखी बसेल. नाणं चांदीचं आणि सरकारी छापाचं असेल तर परत देईल. आत तांबं किंवा शिसं निघालं, किंवा खोटं असेल, तर तिथल्या तिथे छेद देऊन बाद करेल आणि ते देवमातेच्या मालकीचं ठरून पाचशेंच्या मंडळाकडे जमा होईल. पारख्याने पास केलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. पायरिअस बंदरावरही असाच एक पारखी नेमा.

आता गंमत. हा पारखी कोण? सरकारी गुलाम. जागेवर बसला नाही किंवा कायद्याप्रमाणे पारख केली नाही तर ५० फटके. बाजारातल्या प्रत्येक नागरिकाच्या पैशावर अखेरचा शब्द ज्याचा, त्याला स्वतःला फटके खायची भीती. सभेचा बंदोबस्त ठेवणारे सिथियन धनुर्धारी पोलीससुद्धा सरकारी गुलामच. कायम नोकरशाही म्हणाल तर हीच. अधिकारी दर साल बदलणार, कारकुनी करणारा गुलाम तिथेच. माझ्या मते सोडतीची पद्धत चालली याचं मोठं श्रेय या लोकांना जातं. नव्या माणसाला फाइल कुठे ठेवलीय ते सांगणारं कुणीतरी लागतंच.


सुतारपक्षी:

छान छान म्हणणाऱ्यांनी ४०६ ची आर्जिनुसाईची आरमारी लढाई विसरू नये. लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही, म्हणून आठ सेनापतींना एकाच ठरावात मृत्युदंड. वेगवेगळा खटला हवा हा कायदा गेला खड्ड्यात. हाती लागलेल्या सहा जणांना मारलं. त्या दिवशी कामकाज बघणाऱ्या पन्नासांत सॉक्रेटिस होता, चिठ्ठीनेच आलेला. एकट्याने शेवटपर्यंत विरोध केला. पुढे सात वर्षांनी त्याचंही काय केलं ते आपल्याला माहीत आहे. जमावाच्या हाती कायदा दिला की हेच होणार. प्लेटो उगाच नाही वैतागला.


तिसरी घंटा:

@सुतारपक्षी, मग ४२७ चं मिटिलीनी हे मित्रनगरही सांगा की. बंड केलं म्हणून तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायका-मुलांना गुलाम करा, असा ठराव झाला. जहाज निघालं. रात्रीत लोकांना स्वतःचीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा, पुन्हा वाद, थोडक्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज सोडलं. वल्हेकऱ्यांनी वल्ही हातची न सोडता दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले आणि पहिलं फर्मान वाचून झालं होतं, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात पोचले. पहिलं जहाज निघालं होतं ते मुद्दाम रमतगमत, असल्या कामाची घाई कोणाला?

चोवीस तासांत आपला ठराव फिरवणारा एखादा राजा दाखवा.


सुतारपक्षी:

ठराव फिरला तरी बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं मारलीच. थ्युसिडिडीसच सांगतो. तो भाग गाळू नका.


चिंचगूळ:

इतका वेळ वाचतेय. नागरिक, पंच, कारागीर, सेनापती, सगळे पुरुष. निम्मी वस्ती कुठाय?

४५१ च्या कायद्यानंतर नागरिक व्हायचं तर आई आणि बाप दोघंही अथेन्सचे लागत. म्हणजे बाईच्या पोटातून नागरिकत्व येणार, पण ती सभेत जाणार नाही, कोर्टात स्वतः बोलणार नाही. जवाच्या एका मेडिम्नॉसपेक्षा, म्हणजे साधारण ५० लिटर मापापेक्षा, जास्त किमतीचा व्यवहारही तिला कायद्याने करता येत नसे. घरातल्या घरात राहणारी, माग आणि कोठार सांभाळणारी बायको, हा श्रीमंतांचा आदर्श. गरिबांना तो परवडायचा नाही.

डेमॉस्थेनीस या वक्त्याच्या नावावर एक भाषण आहे, ३४६-३४५ नंतरचं. त्या वेळी सगळ्या डीमच्या याद्या तपासून संशयितांची नावं कापली गेली. युक्सिथियस नावाच्या माणसाचं नाव कापलं, तो अपिलात गेला. विरोधकांचा पुरावा काय? याची आई बाजारात फिती विकते आणि पूर्वी दुसऱ्यांच्या मुलांची दाई होती, म्हणजे ती नागरिक असूच शकत नाही! तो उत्तर देतो, हो, फिती विकतो आम्ही. गरिबी स्वतंत्र माणसांनाही हलकी कामं करायला लावते. नवरा मोहिमेवर होता, पदरात दोन लेकरं, म्हणून तिने दाईपण पत्करलं. आणि शहराच्या बायका आज किती घरांत दाया आहेत ते मोजा म्हणतो.

तो बाजारात धंदा करणाऱ्यांना हिणवण्याविरुद्धचा कायदाही पुढे करतो. म्हणजे असा कायदा होता. आणि तो करावा लागला होता.

गोदाकाठ, तुमच्या भत्त्याच्या हिशोबात हीही एक ओळ घाला. नवरा तीन ओबोल घेऊन कोर्टात बसला तेव्हा घरचं पीठ कोणी दळलं?


गोदाकाठ:

@चिंचगूळ, घातली. मॅरेथॉनच्या शेतकऱ्याचे बैल कोण बघणार, असं मी धाग्यात विचारलं होतं, त्याचंही उत्तर बहुतेक तेच.


निवांत नाना:

आमच्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख आहेत, त्यावर कुणी लिहील का? ते यवन मतदान करत असतील का हो?

आणि हे लोक जेवायचे काय ते सांगा. राजकारण पुरे.


गोदाकाठ:

@नाना, कार्ल्याचे यवन पाच-सहाशे वर्षांनी नंतरचे, मतदानाचा काही संबंध नाही. स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

जेवण: जव. अ‍ॅटिकाच्या पातळ मातीत आणि बेभरवशाच्या पावसात गव्हापेक्षा जव बरा येतो. भाजलेल्या जवाचं पीठ पाण्यात किंवा तेलात मळून केलेला गोळा हे रोजचं अन्न, त्याबरोबर ऑलिव्ह, कांदा, चीज, अंजीर, खारवलेले मासे. गव्हाची भाकर जरा वरच्या दर्जाची. ताजा मासा ही चैन, आणि माशावर पैसे उडवणाऱ्याची टर उडवणं हा नाटककारांचा आवडता धंदा. मटण बहुतेक सणाच्या बळीचं. द्राक्षाची दारू पाणी घालून प्यायची, निर्जळ पिणारा रानटी. घरं कच्च्या विटांची, इतकी कच्ची की चोर दाराशी झटत न बसता सरळ भिंत उकरून शिरत.

आणि राजकारण पुरे म्हणालात तरी ते ताटातूनच जातं. घरचं धान्य पुरत नव्हतं, काळ्या समुद्राकडून यायचं. डेमॉस्थेनीस एका भाषणात बॉस्पोरसच्या राज्यातून येणारं धान्य ४ लाख मेडिम्नॉस सांगतो. दर महिन्या-सव्वा महिन्याला होणाऱ्या मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर धान्यपुरवठा कायम, संरक्षणाच्या जोडीने. अथेन्समध्ये राहणाऱ्या कोणीही दुसऱ्या बंदरात धान्य नेलं तर जबर शिक्षा. ३८६ च्या आसपासच्या एका खटल्यात धान्याच्या व्यापाऱ्यांवर आरोप आहे की ठरलेल्या ५० मापांपेक्षा जास्त माल उचलून साठवला. मागितलेली शिक्षा, मृत्यू. बोलणारा म्हणतो, हे लोक तुमच्या संकटात खूश असतात, जहाजं बुडाली, सामुद्रधुनी बंद झाली अशा कंड्या हेच पिकवतात. व्यापारी बहुतेक मेटिक, त्यामुळे त्यांच्यावर तुटून पडणं सोपंही होतं. मेटिकाला वर्षाला १२ ड्राख्मा डोईपट्टी, सैन्यातली चाकरी, आणि मत शून्य.

ही सामुद्रधुनीची कंडी उगाच नव्हती. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरने तिथेच, हेलेस्पाँटवर, अथेन्सचं आरमार धरलं. पुढच्या वर्षी शहर उपासमारीने शरण आलं.


ताकभात:

मग संपलं कसं शेवटी? भत्ता परवडेना म्हणून?


गोदाकाठ:

भत्ता जड होऊन नाही. उलट पंचांचा भत्ता शंभर वर्षं ३ ओबोलवरच अडकला होता, आणि ३२९-३२८ च्या एल्युसिसच्या हिशोबात साध्या मजुराचाही रोज दीड ड्राख्मा झालेला दिसतो. कोर्टात बसणं म्हणजे रोजाचा तिसरा हिस्सा.

संपवलं अलेक्झांडरच्या मॅसिडोनने. अलेक्झांडर मेल्यावर अथेन्सने उठाव केला, ३२२ मध्ये हरलं, आणि मॅसिडोनचा सेनापती अँटिपेटर याने अट घातली: २,००० ड्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच पूर्ण नागरिकत्व. प्लुटार्क म्हणतो, १२,००० हून जास्त लोक बाहेर पडले. काही तिथेच अपमान गिळून राहिले, काहींना थ्रेसमध्ये जमीन आणि गाव देऊन पाठवून दिलं. ३१८ मध्ये लोकशाही परत आली ती जेमतेम वर्षभर. मग अँटिपेटरचा मुलगा कॅसँडर याने ती अट पुन्हा लावली, फक्त निम्मी केली, १,००० ड्राख्मा.


कुलूपकिल्ली:

२,००० ड्राख्मा म्हणजे ३ ओबोलच्या दराने ४,००० दिवस कोर्टात बसायचं, मधे एक अंजीरही न खाता.


सुतारपक्षी:

आणि ज्यांच्याकडे १,००० गुलाम होते त्यांना या अटीने काडीचा फरक पडला नसेल.


कोकमसरबत:

@सुतारपक्षी, पहिल्यांदाच आपलं एकमत झालं.